“दात काढी टाक, पन ते पानी नको”: रूट कॅनाल काढ्यानं धुवायचं की हायपोक्लोराइटनं?

रुग्ण बाईंचं वय 54. अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका गावात कापसाची शेती. तक्रार खालच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेची, आमच्या क्रमांकात 46 ची. घास चावला की दाढ ठणकते. तिच्या बाजूला हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट पू येतो, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा पहिल्यासारखं. हे वर्षभर चाललं होतं. तेवढ्या काळात दाढेत लवंग दाबून धरणं, मिठाच्या चुळा, मेडिकलमधून आणलेल्या दुखीच्या गोळ्या असे सगळे उपाय करून झाले होते. सोबत रोजची मिसरी. मधुमेह जुना, गोळ्या चालू, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 7.8.

दाढेत मागच्या बाजूनं खोल कीड होती. वरून ठोकलं की दुखत होतं. थंड फवाऱ्याला उशिरा आणि पुसटसा प्रतिसाद आला. पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे कॅनाल भरायच्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी अलगद आत सरकवून एक्स-रे काढला, तेव्हा काडीचं टोक मागच्या मुळाच्या शेंड्याशी जाऊन थांबलेलं दिसलं. तिथं हाड विरून झालेली काळी सावली होती, साधारण 4 मिलिमीटरची. पुढच्या मुळाच्या शेंड्याशी थोडासाच बदल होता. म्हणजे मागच्या मुळातली नस पूर्ण मेलेली, तिथून जुना पू वाहतोय, आणि पुढच्या मुळात थोडा जिवंत भाग शिल्लक असावा. अनेक मुळांच्या दाढेत असं अर्धवट मरण नेहमी दिसतं.

इथवर हे रोजचंच प्रकरण होतं. रूट कॅनाल करायचं आणि वर कॅप बसवायची. पण मी उपचार सांगायला लागल्याबरोबर बाई खुर्चीतून उठल्या. “माय, दात काढी टाक, पन ते वासनं पानी नको.”

आधी काय घडलं होतं

दोनेक वर्षांपूर्वी वरच्या डाव्या बाजूच्या छोट्या दाढेचं रूट कॅनाल दुसरीकडे चालू होतं. भूल दिलेली होती. सिरिंजनं आत पाणी सोडलं त्याच क्षणी डोळ्यापर्यंत आग गेली, दातातून रक्त आलं आणि बघता बघता गाल फुगला. “डोया उघडे ना, गाल काया पडी गयथा,” असं त्या सांगत होत्या. काळंनिळं उतरायला पंधरवडा लागला. नेमकं काय झालं ते त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. तो दात पुढे काढून टाकला. त्यांच्या मनात मात्र दोन गोष्टी पक्क्या बसल्या: मोरीत टाकतात तसल्या वासाचं पाणी, आणि ते आपल्याला ‘बाधतं’.

या वर्णनाकडे नीट बघायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो. भूल असतानाही त्याच क्षणी उसळलेली कळ, दातातून रक्त, काही मिनिटांत सूज आणि नंतर त्वचेखाली पसरलेलं रक्त, ही सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कॅनाल धुवायचं क्लोरीनच्या वासाचं द्रावण, मुळाच्या टोकाबाहेर ढकललं गेल्याची ओळखीची लक्षणं आहेत. ॲलर्जीचं चित्र वेगळं असतं: खाज, अंगावर गांधी, श्वासाला त्रास. त्यांपैकी काहीच झालं नव्हतं. घरी मोरी धुवायला त्या ब्लीचिंग पावडर वापरतात, हाताला कधी पुरळ आलेली नाही. गावच्या टाकीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, तेच पाणी त्या रोज पितात. क्लोरीनची जातकुळी तीच. म्हणजे द्रव बाधला नव्हता. सुई मुळात घट्ट अडकलेली असताना तो जोरात दाबला गेला होता.

असे अपघात वरच्या जबड्यात जास्त होतात. तिथलं हाड पातळ असतं आणि कधी कधी मुळाचं टोक हाडाच्या बाहेर डोकावतं, त्यामुळे द्रव थेट गालाच्या मऊ भागात शिरतो. खालच्या दाढेभोवती हाड जाड असतं, पण म्हणून धोका शून्य नाही. हे सगळं बाईंना कागदावर चित्र काढून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण भीती काही कमी झाली नाही.

काढ्याची बाटली

पुढच्या वेळी त्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा शिरपूरला बी.फार्म. करतो. त्याच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीत भरून आणलेला तांबूस-तपकिरी काढा होता, कडुनिंबाचा पाला आणि त्रिफळा उकळून केलेला. मोबाइलमध्ये चार-पाच शोधनिबंध होते. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “मॅडम, हायपोऐवजी यानं धुता येईल का? यानंही एन्टेरोकॉकस फीकॅलिस मरतो असं छापून आलंय.”

प्रश्न चांगला होता आणि तो टोलवून लावण्यासारखा नव्हता. त्यानं आणलेलं खोटं नव्हतं. कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क, त्रिफळा, ग्रीन टीमधली पॉलिफेनॉल्स, हळदीतलं करक्युमिन, नोनीचा रस या सगळ्यांवर दंतवैद्यकात काम झालेलं आहे, आणि त्यातलं बरंच भारतातल्या दंत महाविद्यालयांत झालेलं आहे. एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जंतू निवडण्यालाही कारण आहे. अपयशी ठरलेल्या रूट कॅनालमध्ये तो वारंवार सापडतो, उपाशी राहून तग धरतो, आणि आम्ही आत भरतो त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाही बऱ्याच अंशी दाद देत नाही.

त्या निबंधांपैकी 2010 सालचा एक आम्ही दोघांनी बसून वाचला. त्यात काढलेल्या दातांवर या जंतूचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, वाढवला होता आणि मग त्यावर त्रिफळा, ग्रीन टी पॉलिफेनॉल्स, एमटीएडी (अँटिबायोटिक असलेलं कॅनाल धुवायचं मिश्रण) आणि 5 टक्के हायपोक्लोराइट तपासलं होतं. तीन आठवड्यांच्या थरावर त्रिफळ्यानं जंतू पूर्ण संपवले. सहा आठवड्यांच्या थरावर मात्र तसं करून दाखवलं ते हायपोक्लोराइटनंच. मी मुलाला विचारलं, तुझ्या आईच्या दाढेतला थर किती जुना असेल? तो काही बोलला नाही, एक्स-रे कडे बघत राहिला.

दुसरी अडचण बाटलीचीच. निबंधातला त्रिफळा म्हणजे घरचा काढा नव्हे. ती ठरावीक मात्रेत, ठरावीक द्रावकात विरघळवलेली पूड असते. अनेक अभ्यासांत अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. कडुनिंबातले काही घटक पाण्यात नीट उतरत नाहीत, करक्युमिन तर पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पाला चैत्रातला की पावसाळ्यातला, झाड कुठलं, किती उकळलं, यावर काढ्याची ताकद बदलते. तो निर्जंतुक नसतो. त्यातला बारीक गाळ केसाएवढ्या कॅनालच्या टोकाशी जाऊन बसला तर फाईल, म्हणजे कॅनाल खरवडायची बारीक सुई, पुढे सरकत नाही. शिवाय आपल्या खान्देशातल्या उन्हाळ्यात सकाळचा काढा संध्याकाळी आंबतो, म्हणजे ज्या बाटलीनं जंतू मारायचे तिच्यातच जंतू वाढायला लागतात.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की उन्हाळा हायपोक्लोराइटलाही सोडत नाही. उष्णतेनं आणि उजेडानं त्यातला क्लोरीन उडून जातो. पारा 45 च्या पुढे जातो त्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या दुकानात राहिलेल्या बाटलीवर 3 टक्के लिहिलेलं असलं, तरी आत तेवढं उरलेलं नसतं. म्हणून मी ती अपारदर्शक बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवते आणि पातळ करायचं असेल तर त्याच दिवशी करते. काढ्याकडून जी शिस्त मागायची ती हायपोकडूनही मागायला हवी.

कॅनालला नेमकं काय लागतं

मूळ मुद्दा याच्याही पुढचा होता. वनस्पतींच्या अर्कांवरचे बहुतेक अभ्यास एकच प्रश्न विचारतात: जंतू मरतात का? ते महत्त्वाचं आहेच. 1965 साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगानं ते कायमचं सिद्ध झालं. नस उघडी पाडलेल्या साध्या उंदरांत ती सडली, जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांत ती बरी झाली आणि वर नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) आलं. जंतू नसतील तर रोग नाही.

पण जंतूंना जागा कुठली मिळते? कॅनाल म्हणजे सरळ नळी नव्हे. त्याला फाटे असतात, चपटे कोपरे असतात. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन कॅनाल असतात आणि त्यांना जोडणारी एक अरुंद फट बहुतेक वेळा असते, जिच्यात कुठलीच फाईल जात नाही. सूक्ष्म सीटी स्कॅन वापरून केलेल्या 2001 सालच्या अभ्यासात दिसलं की कुठल्याही पद्धतीच्या फाइली वापरल्या तरी कॅनालच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग त्यांच्या स्पर्शाविना राहतो. तिथं नसेचे तुकडे राहतात आणि तेच जंतूंचं अन्न. म्हणून धुण्याच्या द्रवानं मेलेलं-अर्धमेलं मांस विरघळवावं लागतं. नुसतं सलाइन आणि फाईल पुरत नाहीत, हे स्वीडनमधल्या बिस्ट्रोम आणि सुंडक्विस्ट यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं.

मांस विरघळवण्याचं काम आज आमच्या हातातल्या द्रवांपैकी हायपोक्लोराइटच करतं. क्लोरहेक्सिडिन 2 टक्के जंतू छान मारतं, दातात टिकूनही राहतं, पण काहीच विरघळवत नाही. ईडीटीए फाइलींनी तयार झालेला चुऱ्याचा थर आणि त्यातलं कॅल्शियम काढतं, मांस नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुवायला डेकिन यांनी 0.5 टक्क्याचं हायपोक्लोराइट आणलं, त्यामागेही हाच गुण होता: मेलेलं तेवढं जातं, जखम स्वच्छ होते.

मुलाला मी म्हटलं, काढ्याबद्दल माझा खरा प्रश्न हा आहे. तो विरघळवतो का? हे आपण आईच्याच दाढेत बघू शकतो.

काय ठरवलं

पर्याय पाच होते. दाढ काढणं, हे बाईंचं पहिलं म्हणणं. मधुमेहात, तेही खालची पहिली दाढ, जिच्यावर चावण्याचा मोठा भार असतो, ती वाचण्यासारखी असताना काढणं मला मान्य नव्हतं. नुसतं सलाइन बाद. काढा एकटा बाद, वरच्या कारणांनी. क्लोरहेक्सिडिनचा विचार मी मनापासून केला, कारण त्याला तो वास नाही आणि बाई लगेच तयार झाल्या असत्या. पण पुढच्या मुळातल्या त्या फटीत उरलेल्या नसेचं काय, हा प्रश्न तसाच राहत होता.

मग 1 टक्का हायपोक्लोराइट, भरपूर प्रमाणात, पुन्हा पुन्हा बदलत, आणि बाहेर जाण्याचे सगळे रस्ते बंद करून, असं ठरवलं. तीव्रता कमी केली की काम कमी होतं हे सरसकट खरं नाही. 2000 सालच्या एका प्रयोगशाळेतल्या तुलनेत 1, 2.5 आणि 5.25 टक्क्यांचं द्रावण सारखं बदलत राहिलं तेव्हा जंतू कमी होण्यात लक्षणीय फरक आढळला नव्हता. विरघळवण्याचा वेग मात्र पातळ द्रावणात कमी होतो. तो वेळ देऊन भरून काढायचा.

एक अट बाईंनी घातली, ती मी आनंदानं मान्य केली: डावा हात वर केला की सगळं थांबायचं, कारण विचारायचं नाही. लेखी संमती घेतली, आणि त्यातला मजकूर मुलानं त्यांना अहिराणीत वाचून दाखवला. हे प्रकरण लिहायची परवानगीही त्यांनीच दिली.

उपचार

भूल दिली, रबर डॅम बसवला. रबराचा पडदा दाताभोवती घट्ट बसतो, त्यामुळे द्रव घशात किंवा गालावर जात नाही, आणि वासही बराच अडतो. दाढ उघडली तेव्हा मागच्या कॅनालमधून कुबट वास आणि थोडा पू आला. पुढच्या दोन कॅनालपैकी एकातून बारीक काटेरी ब्रोचला गुंडाळून नसेचा तुकडा निघाला, साधारण सात-आठ मिलिमीटरचा, फिकट गुलाबी, मधे एक लाल रेघ.

तो तुकडा ब्लेडनं मधोमध कापला. काचेच्या दोन छोट्या वाट्या घेतल्या. एकीत मी वापरणार होते तेच 1 टक्क्याचं हायपोक्लोराइट, दुसरीत मुलानं त्या दिवशी सकाळी केलेला ताजा काढा. दोन्हीत एकेक तुकडा टाकला. बाईंना आरशात दाखवलं. रबर डॅमच्या आडून कसंबसं विचारलं गेलं, “हाई मनीच नस का?” मुलाला वाट्यांपाशी बसवलं आणि मी कामाला लागले.

कॅनालची लांबी एपेक्स लोकेटर या यंत्रानं मोजली आणि एक्स-रेनं पक्की केली. सुई 30 गेजची घेतली, टोक बंद आणि छिद्र बाजूला असलेली, म्हणजे द्रव पुढे न जाता भिंतीकडे वळतो. सुईवर रबरी खूण मुळाच्या लांबीच्या 2 मिलिमीटर अलीकडे लावली. त्या खुणेपुढे सुई जाऊ द्यायची नाही. सुई कॅनालमध्ये मोकळी हलते की नाही हे आधी कोरडंच बघितलं. दट्ट्या अंगठ्यानं न दाबता तर्जनीनं दाबला, कारण अंगठ्याचा जोर नकळत वाढतो. सुई सतत वरखाली हलती ठेवली. पहिली धुलाई मुद्दाम साध्या सलाइननं केली, बाईंना सुईची सवय व्हावी म्हणून. मग सांगून हायपो सुरू केलं. डावा हात एकदा अर्धा वर आला आणि पुन्हा खाली गेला. वेदना नव्हती, वास आला होता.

प्रत्येक फाइलीनंतर ताजं द्रावण. आकार देऊन झाल्यावर कॅनालमध्ये घट्ट बसणारी गटापर्चाची काडी लांबीच्या अलीकडेच ठेवून हळूहळू वरखाली करत द्रव ढवळला. महागडं यंत्र नसलं तरी फटींपर्यंत द्रव पोचवायला ही पद्धत चांगली आहे. लहान गावांतल्या सहकाऱ्यांनी ती सोडू नये असं मला वाटतं. नंतर पाण्यानं धुवून 17 टक्के ईडीटीए एक मिनिट, पुन्हा पाणी, शेवटी थोडं हायपो आणि सलाइन. क्लोरहेक्सिडिन मधे कुठेही आणलं नाही. ते हायपोला भेटलं की विटकरी रंगाचा साका बनतो आणि तो कॅनालमध्ये अडकून बसतो. काढाही हायपोसोबत वापरायचा नाही, कारण त्यातले टॅनिन आणि पॉलिफेनॉल हायपोच्या क्लोरीनशी झटापट करून दोघंही निकामी होतात.

वाट्यांत काय झालं ते मुलानंच सांगितलं. हायपोच्या वाटीत तुकड्याभोवती सुरुवातीपासून बारीक बुडबुडे होते. आधी कडा धूसर झाल्या, मग तो पारदर्शक होत गेला. मधे एकदा मी द्रावण बदलून दिलं. काम संपलं तेव्हा तळाशी धाग्याएवढं काहीतरी उरलं होतं, चिमट्यानं धरायला गेल्यावर तेही सुटलं. काढ्याच्या वाटीतला तुकडा तसाच्या तसा होता. तसाच नव्हे, थोडा आक्रसलेला, गडद तपकिरी, आणि चिमट्यानं उचलला तर आधीपेक्षा चिवट.

हे असं का, ते मुलाच्या अभ्यासक्रमात होतं. त्रिफळ्यातला हिरडा टॅनिननं भरलेला असतो आणि चामडं कमावायला तो पूर्वापार वापरतात. टॅनिन प्रथिनांना, कोलॅजनला बांधून घट्ट करतं. कातडं टिकतं ते त्यामुळेच. ज्या फटीतून आम्हाला नस नाहीशी करायची आहे तिथं ती कमावून पक्की करणं उपयोगाचं नाही. दोन वाट्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी त्याला तिथंच सांगितलं. पण हायपोक्लोराइट विरघळवतं हे प्रयोगशाळांत असंख्य वेळा मोजलेलं आहे. आम्ही ते फक्त डोळ्यांनी बघितलं.

कोलॅजन बांधण्याचा हाच गुण दंतवैद्यकात दुसऱ्या जागी कामाचा ठरतो आहे, आणि मला या विषयातलं सगळ्यात आशादायक काम तेच वाटतं. हायपोक्लोराइटनं धुतलेल्या डेंटिनला रेझिनचं सिमेंट नीट चिकटत नाही. द्राक्षाच्या बियांच्या अर्कातली प्रोअँथोसायनिडिन्स लावली तर ती पकड बऱ्याच प्रमाणात परत येते, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे वनस्पतीचा अर्क हायपोच्या जागी नको, हायपोच्या नंतर हवा, असं एक काम पुढे येऊ शकतं. मुलगा हे वहीत लिहून घेत होता.

कॅनाल कोरडे करून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं आणि वरून तात्पुरतं बंद केलं. एका बैठकीत सगळं संपवण्याची पद्धत मीही वापरते, पण पू वाहत असताना आणि साखर जास्त असताना मला मधला काळ हवा असतो.

त्या रात्री फोन करून विचारलं. सूज नव्हती, एक गोळी घेतली होती.

दोन आठवड्यांनी पुटकुळीची जागा बुजली होती, दाबून काहीच येत नव्हतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड धुऊन काढलं, पुन्हा तोच क्रम, आणि गटापर्चानं कॅनाल भरले. सिलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप, झिंक ऑक्साइड युजेनॉलचा. त्याचा वास येताच बाई म्हणाल्या, “हाई ते लवंगनं तेल शे!” खरंच होतं. युजेनॉल लवंगेतूनच येतं, आणि गटापर्चा हा मलाया भागातल्या झाडाचा वाळलेला चीक आहे. एकोणिसाव्या शतकापासून तो रूट कॅनाल भरायला वापरात आहे. जुनं रूट कॅनाल उघडून पुन्हा करायचं असेल तर तो गटापर्चा मऊ करायलाही संत्र्याच्या सालीचं किंवा निलगिरीचं तेल चालतं. आपल्या उपचारात झाडापानांना जागा नाही असं समजून जे लोक दातांच्या डॉक्टरांवर रागावतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते. जागा आहे, फक्त ज्या कामाला जे तपासलं गेलं त्या कामाला.

काढ्यालाही काम मिळालं. त्रिफळ्याच्या चुळांवर मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्ये अभ्यास झालेले आहेत, दातांवरचा थर आणि हिरडीची सूज कमी करायला त्या उपयोगी पडतात. मिसरीनं बाईंच्या हिरड्या मागे सरकल्या होत्या, दातांच्या मुळांशी काळं किटण होतं. ते साफ केल्यावर रोज रात्री ताज्या, गाळलेल्या, कोमट काढ्याच्या चुळा भरायला सांगितल्या. काढा दिवसापुरताच करायचा, उरला तर टाकून द्यायचा, आणि दातांवर पिवळसर डाग दिसायला लागले तर थांबवायचा. काढ्याच्या बदल्यात मिसरी सोडायची, असा सौदा मुलानं आईशी केला.

पुढच्या तपासण्या

कॅप बसवली. सहा महिन्यांच्या एक्स-रेत मागच्या मुळाची सावली निम्म्याच्या आसपास आली होती. वर्षाच्या एक्स-रेत तिथं हाडाची जाळी परत दिसत होती. ठोकल्यावर दुखत नाही, पुटकुळी परतलेली नाही, त्या बाजूनं भाकरी चावतात. पुढच्या मुळाच्या शेंड्याशी मूळ आणि हाड यांच्यामधली बारीक काळी रेघ अजून रुंद आहे. तक्रार नसल्यामुळे तिला हात लावलेला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा एक्स-रे काढून ती रेघ मोजायची आहे. एचबीएवनसी 7.1 वर आलं आहे. मिसरी पूर्ण सुटलेली नाही, सणावाराला आणि कापूस वेचणीच्या दिवसांत होतेच.

मुलानं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हिरड्याचा अर्क निवडला आहे: ठरावीक पाला-फळ, ठरावीक द्रावक, टॅनिनचं मोजमाप, आणि अर्क किती दिवस टिकतो याची नोंद. रूट कॅनालसाठी नव्हे, चुळांसाठी. काढलेले दात लागतील तेव्हा द्यायचं मी कबूल केलं आहे.

बाई मागच्या तपासणीला आल्या तेव्हा वरच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आते वरलाबी बसाडी दे.” तिथल्या हाडाची उंची आणि रुंदी बघायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, लागेल, त्यासाठी धुळ्याला जायचं आहे. वेचणी संपल्यावर जाऊ म्हणाल्या.